अपडेटनंतर ॲक्सेस पॉइंट रात्रभर कोणाशी बोलत बसतो?

रात्रीचे सव्वादोन. फोन फ्लाइट मोडवर, लॅपटॉप बंद, टीव्हीचा प्लग काढलेला, म्हणजे नेटवर्कवर जागे फक्त दोघं, राउटर आणि ॲक्सेस पॉइंट, आणि तरी राउटरच्या डीएनएस लॉगमध्ये, म्हणजे कोणी कुठल्या सर्व्हरच्या नावाचा पत्ता विचारला त्याच्या नोंदीत, ओळी पडतच होत्या. २:१४:०५ ला एका टाइम सर्व्हरचं, म्हणजे विचारेल त्याला वेळ सांगणाऱ्या कॉम्प्युटरचं, नाव. २:१४:१० ला तेच नाव. २:१४:१५ ला परत तेच. मी दहा मिनिटं बघत बसलो, १२० वेळा तेच नाव आलं, एकदाही चुकलं नाही. आदल्याच दिवशी ॲक्सेस पॉइंटचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केलं होतं. वायफाय मस्त चालू, स्पीड तोच, कशाबद्दल काही तक्रार नाही, त्यामुळे लॉग उघडलाच नसता तर हे वर्षभर कळलं नसतं. आणि बहुतेकांकडे ते कळतच नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करायला हवी, ती म्हणजे ॲक्सेस पॉइंटचं काम काय. तो निरोप्या आहे. तुमचा फोन हवेतून जे पाठवतो ते तो उचलतो आणि वायरवर ठेवतो, वायरवरून जे येतं ते हवेत सोडतो. नेटवर्कच्या भाषेत याला ब्रिज म्हणतात. निरोपाच्या आत काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, आणि स्वतःला कोणाला काही सांगायचंय असंही त्याला फारसं नसायला हवं. फोनवरून व्हिडिओ बघितला तर ती पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, फोनच्या आयपी पत्त्यावरून (नेटवर्कवरच्या त्याच्या क्रमांकावरून) जातात, ॲक्सेस पॉइंटच्या नाही. ॲक्सेस पॉइंटलाही स्वतःचा एक आयपी पत्ता असतो, पण तो सेटिंगचं पान उघडता यावं, घड्याळ लावता यावं, अपडेट आहे का बघता यावं एवढ्यासाठी. म्हणून एखादं पॅकेट त्याच्या स्वतःच्या पत्त्यावरून बाहेर निघालं की सरळ समजायचं, हे त्याचं स्वतःचं बोलणं आहे, आणि आपल्याला तेच मोजायचंय.

आता थोडंफार बोलणं नॉर्मलच आहे हो, सगळ्याला घाबरायचं नाही. आयपी पत्ता भाड्यानं मिळालेला असतो, त्या भाड्याची अर्धी मुदत झाली की तो राउटरला विचारतो की चालू ठेवू का, म्हणजे मुदत २४ तासांची असेल तर साधारण १२ तासांनी एकदा. शेजारच्या स्विचला, म्हणजे नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणाऱ्या डब्याला, दर ३० सेकंदांनी 'मी इथे या पोर्टवर आहे' असं सांगणारा एलएलडीपी नावाचा एक प्रकार असतो, तो त्या स्विचच्या पुढे जातच नाही. हवेत दर सेकंदाला साधारण १० वेळा 'माझं नाव अमुक' असं ओरडणारे बीकन असतात, फोनमध्ये वायफायची यादी दिसते ती त्यामुळेच, आणि तेही इंटरनेटवर जात नाहीत. राहिलं घड्याळ. घड्याळ मिळवायच्या पद्धतीला एनटीपी म्हणतात, आणि नीट लिहिलेला एनटीपी क्लायंट सुरुवातीला ६४ सेकंदांनी विचारतो, घड्याळ स्थिर झालं की हळूहळू अंतर वाढवत १०२४ सेकंदांपर्यंत जातो. १०२४ सेकंद म्हणजे १७ मिनिटं, दिवसाला ८४ च्या आसपास वेळा. दर पाच सेकंदांनी विचारलं तर दिवसाला १७,२८० वेळा. वेळ विचारायला इतक्यांदा कोणालाच जावं लागत नाही, घड्याळ कितीही स्वस्तातलं असलं तरी.

मग तो विचारतो कशाला? इथेच खरी गंमत आहे, कारण त्याला वेळ नकोच असते. त्याला बघायचं असतं की इंटरनेट चालू आहे का. पुढच्या बाजूला एक दिवा असतो, हिरवा म्हणजे नेट आहे, नारिंगी म्हणजे नाही, किंवा मोबाईल ॲपमध्ये 'ऑनलाइन' असं दिसतं, आणि तो दिवा ताजा ठेवायला फर्मवेअर लिहिणाऱ्याला कुठल्या तरी बाहेरच्या सर्व्हरकडून उत्तर यायला हवं असतं. सर्वात सोपं काय, तर कोणीतरी फुकट चालवत असलेला टाइम सर्व्हर, तो सगळ्यांना उत्तर देतो. २०१७ साली टीपी-लिंकच्या काही वायफाय रिपीटरबद्दल, म्हणजे सिग्नल पुढे लांबवणाऱ्या डिव्हाइसबद्दल, नेमकं हेच उघड झालं होतं. दर पाच सेकंदांनी सहा डीएनएस चौकशा आणि एक एनटीपी चौकशी, महिन्याचा एकूण हिशोब ७१५ एमबी.

हा आकडा वाचून पहिल्यांदा माझा विश्वास बसला नव्हता, इतकीशी पॅकेट आणि ७१५ एमबी? पण गणित करून बघा. एनटीपीचा संदेश ४८ बाइटचा, त्यावर यूडीपी आणि आयपीचं वेष्टण २८ बाइटचं, झाले ७६. उत्तरही तेवढंच, म्हणजे एका फेरीला १५२ बाइट. दिवसाला १७,२८० फेऱ्या धरल्या तर २.६ एमबी, महिन्याला ७९ एमबीच्या आसपास, आणि हे फक्त घड्याळाचं. वर प्रत्येक फेरीत सहा डीएनएस चौकशा आणि त्यांची उत्तरं चढवली की ते सहज काही शे एमबीवर जातं. अमर्याद प्लॅनवर हे कुणाला जाणवतही नाही, पण ज्याचं घर मोजक्या डेटाच्या सिमवर किंवा सॅटेलाइटवर चालतं त्याचा प्लॅन दिवा हिरवा ठेवण्यात संपतो, आणि तो बिचारा मुलांना ओरडत बसतो की तुम्ही व्हिडिओ बघून संपवलं.

आणि नुकसान फक्त आपलंच होतं असंही नाही. जगातले बरेचसे सार्वजनिक टाइम सर्व्हर स्वयंसेवकांनी चालवलेले आहेत, पूल डॉट एनटीपी डॉट ऑर्ग या नावाखाली. डिव्हाइस बनवणाऱ्या कंपन्यांसाठी तिथे वेगळी नावं मागून घ्यायची सोय आहे, म्हणजे एखाद्याचं फर्मवेअर बिघडलं तर त्याचा भार ओळखता येतो. हे सगळं आधीच्या अनुभवातून आलंय. २००३ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या टाइम सर्व्हरवर अचानक पॅकेटचा पूर आला, शोधत गेल्यावर कळलं की नेटगिअरच्या काही राउटरच्या फर्मवेअरमध्ये त्या सर्व्हरचा आयपी पत्ता थेट लिहून ठेवलेला होता, आणि उत्तर मिळालं नाही तर दर सेकंदाला परत विचारायचं असं ते वागत होतं. असे सात लाखांच्या आसपास राउटर विकले गेले होते, आणि पूर एका टप्प्यावर सेकंदाला २,५०,००० पॅकेटपर्यंत गेला. हल्ला कोणी केलेला नव्हता, कोणाचा वाईट हेतू नव्हता, 'उत्तर नाही आलं तर थोडं थांब आणि दर वेळी जास्त थांब' एवढी एक ओळ कोडमध्ये नव्हती.

ही ओळ नसणं हेच अपडेटनंतरच्या निम्म्या भानगडींचं मूळ असतं असं माझं मत आहे. नवीन फर्मवेअरमध्ये कंपनी एखादा नवीन सर्व्हर घालते, तो तुमच्या नेटवर्कवरून पोचत नाही किंवा त्याचं नावच बदललेलं असतं, आणि डिव्हाइस न थकता दार वाजवत राहतं. पण अजूनही कारणं असतात. अपडेट करताना काही सेटिंग मूळपदावर जातात, तुम्ही दोन वर्षांपूर्वी बंद केलेलं क्लाउड मॅनेजमेंट (कंपनीच्या सर्व्हरवरून डिव्हाइस सांभाळणं) किंवा मेश शोधणं (आसपासचे जोडीदार ॲक्सेस पॉइंट धुंडाळणं) परत चालू झालेलं असतं. वापराची आकडेवारी पाठवायचं नवीन फीचर येतं आणि ते आधीपासून 'चालू' ठेवून येतं, २०१७ मध्ये नेटगिअरच्या आर७००० राउटरच्या फर्मवेअरमध्ये असं आकडेवारी गोळा करणं आलं होतं, ते बंद करता यायचं पण बंद करायचंय हे माहीत असायला लागायचं. कधी डेव्हलपरनी चाचणीसाठी चालू केलेलं लॉगिंग तसंच राहून जातं.

मोठ्या ऑफिसात अजून एक होतं, रात्री तीनला शंभर ॲक्सेस पॉइंट एकदम अपडेट होतात, एकदम रीस्टार्ट होतात आणि मग सगळ्यांचं घड्याळ एकाच सेकंदाला चालू झाल्यामुळे ते पुढे कायम एकाच सेकंदाला चौकशी करतात, एरवी बारीक असलेला ट्रॅफिक दर मिनिटाला एक टोक काढून जातो.

घरातल्या घरात फिरणारा ट्रॅफिक लोक सोडून देतात, की इंटरनेटवर जात नाही ना मग जाऊ दे. वायरवर ते खरं आहे. हवेत नाही. मल्टिकास्ट किंवा ब्रॉडकास्ट, म्हणजे 'सगळ्यांनी ऐका' प्रकारचं पॅकेट, वायफायवर सहसा सगळ्यात कमी वेगानं पाठवलं जातं, कारण लांब कोपऱ्यातल्या जुन्या डिव्हाइसलाही ते समजायला हवं. २.४ गिगाहर्ट्झवर हा वेग १ एमबीपीएस असू शकतो. ३०० बाइटचं एक पॅकेट त्या वेगानं पाठवायला २.४ मिलिसेकंद लागतात, तेच ४०० एमबीपीएसनं पाठवलं तर नुसत्या डेटाला ६ मायक्रोसेकंद पुरतात, म्हणजे चारशेपट फरक. तेवढा वेळ त्या चॅनेलवर बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं. अपडेटनंतर ॲक्सेस पॉइंटनं एकमेकांना शोधायचा ब्रॉडकास्ट सेकंदाला वीस वेळा चालू केला तर डेटा मीटरवर काहीच दिसणार नाही पण हवेतला पाच टक्के वेळ तिथेच गेला, शिवाय झोपलेल्या फोनलाही ते ऐकायला मधेमधे जागं व्हावं लागतं, त्याची बॅटरी जाते ती वेगळी. 'अपडेटनंतर वायफाय जड वाटतंय' असं कोणी म्हणालं की मी आधी हे बघतो.

बघायचं कसं. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे राउटरचा किंवा पाय-होलसारख्या डीएनएस फिल्टरचा लॉग, त्यात ॲक्सेस पॉइंटच्या आयपी पत्त्यावर फिल्टर लावायचा आणि कुठली नावं किती वेळा विचारली ते बघायचं. अंतराकडे लक्ष द्या. माणसाचा ट्रॅफिक वेडावाकडा असतो, सकाळी जास्त, दुपारी कमी, मशीनचा घड्याळासारखा टकटक. पण डीएनएस लॉग स्वच्छ दिसला म्हणून निवांत होऊ नका, बऱ्याच फर्मवेअरमध्ये ८.८.८.८ सारखा बाहेरचा डीएनएस पत्ता किंवा थेट सर्व्हरचा आयपी लिहिलेला असतो, तो तुमच्या लॉगला न विचारता जातो. खरं चित्र पॅकेट पकडल्यावरच दिसतं. राउटरवर टीसीपीडंप (पॅकेट पकडून दाखवणारा प्रोग्राम) चालत असेल तर तिथे, नाहीतर स्विचमध्ये पोर्ट मिररिंग असेल तर ॲक्सेस पॉइंटचा पोर्ट आरशासारखा दुसऱ्या पोर्टवर घ्या आणि तिथे लॅपटॉप लावून वायरशार्क हा त्याच कामाचा प्रोग्राम चालवा. साध्या स्विचच्या कुठल्याही पोर्टला लॅपटॉप लावून काही उपयोग नाही, तिथे फक्त 'सगळ्यांनी ऐका' वाली पॅकेटच दिसतात, यात मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवलीय.

अजून एक फसवणारी गोष्ट रिपीटरची. काही रिपीटर मागे जोडलेल्या फोनचा ट्रॅफिक स्वतःच्या मॅक पत्त्यावर (हार्डवेअरच्या पत्त्यावर) पुढे पाठवतात, वायफायच्या रचनेमुळे त्यांना ते करावं लागतं. म्हणून तिथे मॅक पत्त्यावरून मोजलं तर सगळ्या घराचा ट्रॅफिक रिपीटरच्या नावावर दिसेल आणि तुम्ही उगाच घाबराल. आयपी पत्त्यावरून मोजा. आणि डिव्हाइस राउटर मोडमध्ये चालत असेल, म्हणजे स्वतःच पत्ते वाटत असेल, तर आयपीसुद्धा एकच दिसतो, मग एकच उपाय, सगळे क्लायंट, म्हणजे जोडलेले फोन-लॅपटॉप, बंद करून एक रात्र नुसतं त्यालाच चालू ठेवायचं आणि सकाळी आकडा बघायचा.

ही एक रात्र खरंतर अपडेट करण्याआधी मोजायला हवी. हे मी सगळ्यांना सांगत असतो, कारण अपडेटनंतर जे दिसतं ते नवीन आहे का जुनंच, हे आधीचा आकडा असल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. रात्रभर जमत नसेल तर तासाभराचं कॅप्चर, म्हणजे पकडलेल्या पॅकेटची फाइल, तरी पुरते, फाइलच्या नावात फर्मवेअरचा व्हर्जन आणि तारीख घालून ठेवून द्या.

आता सापडलं तर करायचं काय. पहिला मोह होतो फायरवॉलवर ब्लॉक करायचा. मीही तेच केलं. त्या टाइम सर्व्हरचं नाव ब्लॉक केलं, झोपलो, सकाळी बघतो तर पाच सेकंदांचं अंतर एक सेकंदावर आलेलं, उत्तर मिळेना म्हणून तो आणखी जोरात विचारायला लागलेला, आणि ॲपमध्ये 'ऑफलाइन' दिसतंय. नेटगिअरच्या गोष्टीतलंच वागणं, छोट्या आकारात माझ्या टेबलावर. म्हणून ब्लॉक हा शेवटचा उपाय ठेवा, आणि तो लावल्यावर परत मोजा.

आधी सेटिंगचं प्रत्येक पान उघडून बघा, अपडेटनंतर कुठलं बटण नवीन आलंय का, क्लाउड, ॲनालिटिक्स, इंटरनेट तपासणी, 'अनुभव सुधारण्यात मदत करा', अशी नावं असतात. माझ्याकडे इंटरनेट तपासणीचं बटण ॲडव्हान्स्ड सेटिंगच्या तळाला होतं, आधीच्या व्हर्जनमध्ये नव्हतंच. बंद केलं आणि लॉग त्या क्षणी थांबला. बटण नसेल तर त्याला जे हवंय ते घरातच द्या: बरेच राउटर स्वतः टाइम सर्व्हर होऊ शकतात, ॲक्सेस पॉइंटच्या सेटिंगमध्ये तो पत्ता घाला, तो मानत नसेल तर राउटरवर नियम करा की ॲक्सेस पॉइंटकडून १२३ पोर्टवर (एनटीपीच्या ठरलेल्या क्रमांकावर) जे जाईल ते राउटरच्याच घड्याळाकडे वळवायचं. उत्तर मिळालं की तो शांत तरी राहतो, दर पाच सेकंदांनी विचारलंच तरी ते घराबाहेर जात नाही.

आणि मला सगळ्यात आवडणारा उपाय, शुद्ध ब्रिज म्हणून चालणाऱ्या ॲक्सेस पॉइंटसाठी: त्याला हातानं आयपी पत्ता द्या आणि गेटवेचा रकाना रिकामा ठेवा. गेटवे म्हणजे बाहेर जायचं दार, ते माहीतच नसेल तर तो इंटरनेटवर काही पाठवू शकत नाही, आणि तुमच्या फोन-लॅपटॉपना काही फरक पडत नाही कारण त्यांना गेटवे राउटरकडून मिळतो. काही मॉडेल रिकामा रकाना घेत नाहीत, त्यात नेटवर्कवर नसलेला एखादा पत्ता टाकता येतो. दोन गोष्टी मात्र आधी तपासा. एक, काही ॲक्सेस पॉइंट गेटवेपर्यंत पोचता आलं नाही तर 'माझं कनेक्शन तुटलं' समजून वायफायच बंद करतात, ती तपासणी बंद करता येते का बघा. दोन, आता अपडेटची सूचना आपोआप येणार नाही, ती जबाबदारी तुमची.

कारण या सगळ्यावरून कोणी 'मग अपडेटच नको' असं ठरवलं तर ते फार महागात पडेल. २०१७ चा क्रॅक आणि २०२१ चे फ्रॅगअटॅक्स, दोन्ही वायफायच्या सुरक्षेतल्या मुळातल्या चुका होत्या आणि दोन्हींवर इलाज फर्मवेअर अपडेट हाच होता. न अपडेट केलेला शांत ॲक्सेस पॉइंट मला बडबड्या ॲक्सेस पॉइंटपेक्षा जास्त धोकादायक वाटतो.

धोक्याचंच बोलायचं तर, प्रत्येक जास्तीचा ट्रॅफिक फर्मवेअरच्या चुकीमुळे नसतो. एकाच ठरलेल्या सर्व्हरकडे ठरलेल्या अंतरानं जात असेल तर तो बहुतेक कंपनीचा किंवा चुकीचा कोड असतो. पण डिव्हाइस अनोळखी, दर वेळी वेगळ्या आयपी पत्त्यांवर २३ किंवा २३२३ पोर्ट (टेलनेट या दुरून लॉगिन करायच्या जुन्या पद्धतीचे क्रमांक) ठोठावत असेल, तर थांबा, २०१६ मध्ये मिराई नावाचं मालवेअर असंच पसरत होतं. तेव्हा नियम, ब्लॉक काही करत बसू नका, वायर काढा, फॅक्टरी रीसेट करा, कंपनीच्या साइटवरून घेतलेलं फर्मवेअर परत टाका, पासवर्ड नवीन ठेवा आणि परत एक रात्र मोजा.

शेवटी कंपनीला कळवा, खरंच कळवा, कारण तुमच्याकडचा बग तुमच्या बटणानं बंद झाला तरी बाकीच्यांकडे चालूच आहे. 'वायफाय विचित्र वागतंय' असं लिहिलं तर राउटर रीस्टार्ट करा एवढंच उत्तर येतं. मॉडेल आणि हार्डवेअरची आवृत्ती लिहा, अपडेटच्या आधीचं आणि नंतरचं फर्मवेअर लिहा, कुठल्या पोर्टवर, किती सेकंदांनी, तासाला किती पॅकेट ते लिहा, आणि दोन्ही वेळची कॅप्चर फाइल जोडा. जोडण्याआधी वायरशार्कमध्ये फक्त ॲक्सेस पॉइंटच्या आयपीचा फिल्टर लावून तेवढीच पॅकेट वेगळ्या फाइलमध्ये सेव्ह करा, नाहीतर घरात कोणी कुठली साइट उघडली तेही त्यांच्याकडे जाईल. माझ्या तक्रारीला पहिलं उत्तर रीस्टार्टचंच आलं, फाइल जोडल्यावर दुसऱ्या उत्तरात ती डेव्हलपरकडे पाठवल्याचं लिहिलं होतं, आणि पुढच्या व्हर्जनमध्ये ते बटण 'बंद' अवस्थेत आलं.